लिबरऑफिस कॅल्क, खिचडीचे तांदूळ आणि सहावी-सातवीची पोरं: वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी स्टार सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज नाही. ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पहिली ते सातवी. सहावी-सातवी मिळून पोरं ३४ आणि चालू कॉम्प्युटर ६, त्यातला एक पंखा लावला की बंद पडतो. तर ज्यांच्याकडे चकाचक लॅब आहे त्यांनी हा रिव्ह्यू आपल्या हिशोबाने वाचावा.

कॅल्क म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिबरऑफिस नावाचं फुकट ऑफिस सॉफ्टवेअर आहे, त्यातला स्प्रेडशीटचा, म्हणजे आकड्यांचे तक्ते आणि हिशोब करायचा भाग म्हणजे कॅल्क. २०१० साली ओपनऑफिसमधून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी हे सुरू केलं, आता द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था सांभाळते. पैसे नाहीत, ईमेल द्यायचा नाही, लायसन्स की नाही, एकदा पेन ड्राइव्हवर घेतलं की नेट नसलेल्या सहाही मशीनवर बसतं. आमच्याकडे नेट म्हणजे माझा मोबाईल, आणि तो पण वर्गाच्या खिडकीत ठेवला तर, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

आता हे घ्यायची वेळ का आली. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस डिजिटल साक्षरतेचं पॅकेज दाखवायला आला होता, नाव नाही घेत. गावातल्या एका दात्याने ते शाळेला घेऊन दिलं. धडा १ माऊस म्हणजे काय, धडा २ कीबोर्डचे प्रकार, शेवटी चार पर्यायांतला एक निवडा. पोरांनी महिनाभरात सगळं पाठ केलं. "सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे" हे वाक्य आमच्या चौथीच्या पोरांना पण झोपेत विचारलं तर येतं. पण त्याच सातवीच्या पोराला म्हणलं वर्गाची हजेरी टाईप करून सरासरी काढ, तर त्याने टाईप केलं वर्डमध्ये आणि सरासरी काढली वहीत. तेव्हा ठरवलं की कॉम्प्युटरचा वेगळा तास बंद, जे काय शिकवायचं ते गणितात, भूगोलात, मराठीत, जिथे लागेल तिथेच शिकवायचं. जि.प. शाळेचा एक फायदा असतो, सगळे विषय बहुतेक एकाच बाईकडे असतात, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही.

पहिला मोठा प्रयोग खिचडीचा. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावीपासून वर १५० ग्रॅम. हा हिशोब रोज वहीत होतो. मी पोरांना म्हणलं आठवड्याचा तक्ता तुम्ही कॅल्कमध्ये करा. एका गटाने वर पहिल्या ओळीत १०० टाकले, दुसऱ्या ओळीत १५०, तिसरी ओळ मोकळी, चौथ्यात मथळे, आणि पाचव्या ओळीपासून सोमवार, मंगळवार अशी हजेरी. सुरुवातीला फक्त लहान गटाचा हिशोब. सोमवारी ६१ पोरं, सूत्र टाकलं बी५ गुणिले बी१ (बी५ म्हणजे बी कॉलममधली पाचवी ओळ), उत्तर ६१००. बरोबर. मग त्यांनी तो सेलचा कोपरा धरून खाली ओढला, जसं मीच शिकवलं होतं, आणि सगळा आठवडा एका सेकंदात भरला. टाळ्या वगैरे झाल्या.

प्रिंट काढून खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नेऊन दिली. मावशींची शाळा चौथीपर्यंत झालीय. त्यांनी कागद हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी नऊ किलो? पाव्हणं येणारेत का काय? आन् बुधवारी पोरं उपाशी?"

झालं होतं असं की सूत्र खाली ओढलं की त्यातले दोन्ही पत्ते एकेक घर खाली सरकतात. मंगळवारी ६० पोरं गुणिले बी२, म्हणजे १५०, म्हणून ९०००. बुधवारी बी३, तो रिकामा, म्हणून शून्य. गुरुवारी बी४ मध्ये मथळा होता, शब्दाने गुणता येत नाही म्हणून एरर. आणि शुक्रवारी, इथे खरी गंमत आहे, शुक्रवारची ५८ पोरं गुणिले बी५ म्हणजे सोमवारची ६१ पोरं, उत्तर ३५३८. पोरांनी पोरांना गुणलं आणि साडेतीन किलो तांदूळ आले!

ह्या एका कागदावर मी पुढचे चार तास काढले. एरर आली ती बरी कारण ती ओरडून सांगते. शून्य पण दिसतो. पण ३५३८ हा आकडा दिसायला सज्जन आहे, तो वर्गात कुणालाच खटकला नव्हता, मला पण नाही, मी प्रिंट बघितली होती. कागद चुकलाय हे मावशींना का कळलं, तर त्यांना रोजचं माप हाताला माहिती आहे, लहान गटाला सहा किलोच्या आसपास असलं पाहिजे हे त्यांच्या डोक्यात आधीच असतं. मग आम्ही नियमच केला की सूत्र टाकायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, आणि अंदाजापेक्षा फार लांब उत्तर आलं तर कॉम्प्युटरवर संशय घ्यायचा. आणि हो, डॉलरचं चिन्ह शिकलो, बी आणि १ च्या आधी डॉलर लावला की तो पत्ता जागचा हलत नाही. पोरं त्याला "खुंटी मारणे" म्हणतात. हे नाव मी दिलेलं नाही, ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्या पोरांनी दिलंय.

ग्रॅमचे किलो करायचे राहिले होते ते पण मावशींनीच सांगितलं. "अकरा हजार दोनशे काय लिवलंय, मला किलोत द्या." ६१ लहान आणि ३४ मोठी, सगळे हजर असले की ११.२ किलो. आता एकक लिहिलेलं नसेल तर तक्ता मावशी परत पाठवतात.

मराठीच्या तासाला कॅल्क कशाला, असं माझ्या एका सहकारी सरांनी विचारलं होतं. खरं सांगायचं तर मला पण आधी वाटलं नव्हतं. झालं असं की कॅल्कमध्ये लेन नावाचं एक फंक्शन आहे, सेलमध्ये किती अक्षरं आहेत ते मोजतं. एका पोरीने सहज "कमळ" टाकून बघितलं, ३ आलं. "सातारा" टाकलं तर ६. "दहिवडी" पण ६. "महाराष्ट्र" टाकलं तर १०! सगळा वर्ग गोळा झाला. बाई हे खराब झालंय. मी म्हणलं खराब नाही, ते काय मोजतंय ते शोधा. अर्धा तास गेला आणि एकाने सांगितलं की ते काना, वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्ह पण वेगळं मोजतंय. म ह ा र ा ष ् ट ् र, मोजा, दहा भरतात. ष्ट्र हे आपल्याला एक अक्षर दिसतं, त्याच्या पोटात पाच आहेत. जोडाक्षरांचा विग्रह मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवते, इतकी हौसेने पोरं कधी करत नव्हती. मग पैजा लागल्या, आधी तोंडी सांगायचं, मग कॅल्कला विचारायचं.

त्यात "क्षमा" वर भांडण झालं. आम्ही विंडोजवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाईप करतो, त्यात शिफ्ट आणि ७ दाबलं की क्ष थेट उमटतो. तर एक पोरगा म्हणाला मी तीनच वेळा टाईप केलं, क्ष, म आणि काना, मग लेन ५ का दाखवतंय? कारण बटण एक असलं तरी आत क, हलंत आणि ष असे तीन साठवले जातात. म्हणजे डोळ्याला दिसतं २, बोटाला लागतं ३ आणि मशीनला ५. ह्या तासाला मी अक्षर, वर्ण आणि युनिकोड असं सगळं एकदम शिकवून टाकलं, युनिकोड (प्रत्येक चिन्हाला मशीनमध्ये ठरलेला क्रमांक) हा शब्द फळ्यावर लिहिला एवढंच, बाकी त्यांना कळलेलंच होतं.

इनस्क्रिप्टबद्दल एक बाजूची गोष्ट. बरेच लोक रोमन अक्षरात टाईप करून मराठी करून घेतात, घाईला ठीक आहे, पण पोरांना इनस्क्रिप्टच शिकवा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, ज्याला बाराखडी येते त्याला तर्क लगेच लागतो. बसायला महिना-दीड महिना लागतो, तेवढा धीर ठेवा.

इतिहासात मी फार काही केलं नाही, एकच केलं. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेक ६ जून १६७४, ह्या दोन तारखा दोन सेलमध्ये टाकून वजाबाकी केली, १६,१७८ दिवस आले. कॅल्क १९०० च्या आधीच्या तारखा व्यवस्थित घेतं, नेहमीच्या पेड स्प्रेडशीटमध्ये त्या तारखा म्हणून ओळखल्याच जात नाहीत, नुसता मजकूर होऊन बसतात, त्यामुळे इतिहासवाल्यांनी हे लक्षात ठेवा. पोरांनी उत्तर वहीत पण तपासलं, लीप वर्षं मोजून, ११ निघाली. तिथी की तारीख हा विषय मात्र वर्गात काढू नका, तास संपेल पण वाद नाही.

भूगोलाला जास्त रंगलं. आमचा जिल्हा एकच पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडे दहिवडीला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द आमच्या पोरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही, टँकरच्या रांगेत कळतो. स्तंभालेख काढला तर महाबळेश्वरचा खांब वरपर्यंत आणि दहिवडीचा खाली चिकटलेला एक बुटका तुकडा. एक पोरगी म्हणाली बाई आपला पाऊस बारीक दिसतोय, वेगळा आलेख काढू म्हणजे मोठा दिसेल. तिने काढला, दिसला पण मोठा! मग दोन्ही कागद शेजारी लावले आणि विचारलं, आता पाऊस वाढला का?

हे एवढं डोक्यात बसलं की पुढच्या आठवड्यात सातवीच्या एका कार्ट्याने त्याचा धंदा केला. हजेरीचं बक्षीस कुणाला द्यायचं ठरत होतं, सहावीची हजेरी ९२ टक्के आणि सातवीची ९६. त्याने आलेखाच्या उभ्या अक्षावर डबल क्लिक केलं, स्केलमध्ये जाऊन कमीत कमी किंमत शून्याऐवजी ९० केली. आता सहावीचा खांब २ चा आणि सातवीचा ६ चा, बघणाऱ्याला वाटावं सातवी तिप्पट हजर असते. प्रिंट काढून हेडसरांच्या दाराला लावली. सहावीची पोरं रडकुंडीला आली होती, मग त्यांच्यातल्याच एकीने अक्षावरचे आकडे वाचले आणि बोंब ठोकली. त्या पोराला मी रागावले नाही. उलट सगळ्यांना घरून जुने पेपर आणायला सांगितले आणि जाहिरातींतले आलेख तपासायला लावले, अक्ष कुठून सुरू होतो, आकडे लिहिलेत का, का नुसतेच खांब आहेत. आता घरी व्हॉट्सॲपवर काही आलं की पोरं आधी बाजूचे आकडे बघतात, असं दोन-तीन पालकांनी सांगितलं. एका आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं, कारण पोरगं मामाला सगळ्यांसमोर बोललं.

माझी स्वतःची एक मोठी चूक पण सांगते. आरोग्य तपासणी झाली तेव्हा उंची-वजनाचा तक्ता मी तयार डेटा म्हणून पोरांना दिला, नावांसकट, आणि प्रोजेक्टरवर लावला. सरासरी काढली, आलेख काढला, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. मला तिच्या आजीकडून कळलं. दुसऱ्या वेळी नावं काढून हजेरी क्रमांक टाकले, तर पोरांनी एका मिनिटात ओळखलं, हजेरी क्रमांक तर सगळ्यांना पाठ असतात की! मग पोरांनाच विचारलं की कुणी ओळखू नये असं करायचं तर काय करायचं. क्रमांक काढून टाका, वजनाप्रमाणे क्रम लावा म्हणजे हजेरीचा क्रम पण मोडेल, आणि ३४ पोरांत एकच कुणी फार उंच असेल तर तो तरी कळणारच, असं त्यांनीच सांगितलं. त्या मुलीने पण सांगितलं, हात वर करून. तिची माफी मी आधीच मागितली होती. पॅकेजमध्ये "गोपनीयता" नावाचा धडा होता, पासवर्ड कुणाला सांगू नये एवढाच.

आता कापलेल्या स्टारचं. अपूर्णांक शिकवताना सावध राहा, ३/४ टाईप केलं की कॅल्क त्याची ३ एप्रिल करतं. आधी शून्य, मग स्पेस आणि मग ३/४ असं लिहिलं तर अपूर्णांक राहतो. हे मला ऐन तासाला कळलं, पाचवीचा वर्ग कॅलेंडर झाला होता. दुसरं म्हणजे लांब आकडे. सरल म्हणजे राज्याची शाळांच्या नोंदींची ऑनलाइन प्रणाली, तिचा विद्यार्थी आयडी १९ आकडी, तो तसाच टाकला तर मधे ई आलेला विचित्र आकडा दिसतो आणि पंधरा आकड्यांपुढचं खरं राहत नाही. आधी कॉलमला टेक्स्ट करा, मग टाईप करा, नंतर करून उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत. हे सगळ्याच स्प्रेडशीटमध्ये होतं पण सांगत कुणी नाही. तिसरं, वर चिन्हांची इतकी गर्दी आहे की पहिल्या दिवशी पोरं घाबरतात. मेनू मराठीत करता येतो, मी मात्र इंग्रजीच ठेवला कारण पुढे हायस्कूलला तेच दिसणार. आणि फोनवर जसंच्या तसं पूर्ण लिबरऑफिस मिळत नाही, त्यावरच बेतलेलं कोलाबोरा ऑफिस टाकता येतं पण छोट्या स्क्रीनवर खुंट्या मारणं म्हणजे वैताग आहे.

सॉर्टिंगचं कॅल्कला उलट शाबासकी देईन. एकच कॉलम निवडून क्रम लावायला गेलं तर ते विचारतं की शेजारी पण डेटा आहे, त्याला सोबत घेऊ का. पोरं न वाचता पुढे दाबतात ही गोष्ट वेगळी. चाचणीचे गुण एकट्याने वर-खाली झाले आणि नावं जागेवर राहिली, पाच मिनिटं वर्गात वेगळाच पोरगा पहिला होता आणि त्याने ती पाच मिनिटं फार मजेत घालवली. कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागे घेणं, त्या दिवशी सगळ्यांना आलं.

फाईल कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस प्रकाराऐवजी दुसऱ्या प्रकारात सेव्ह करताना विचारतं कुठल्या प्रकारात ठेवू. शाळेत ओडीएस ठेवा, शिक्षण खात्याच्या बीटवर किंवा पंचायत समितीला पाठवायची असेल तर एक्सएलएसएक्स (एक्सेलचा प्रकार) करा, नाहीतर फोन येतो की मॅडम तुमची फाईल उघडत नाही.

६ मशीन आणि ३४ पोरं कशी बसवायची असं बरेच जण विचारतील. आम्ही आधी सगळ्यांना आलेख कागदावरच काढायला लावतो, ज्यांचा झाला ते मशीनवर. तीन-तीनचे गट, एक टाईप करतो, एक सांगतो, एक वहीत अंदाज लिहून भांडतो. तिसरं काम सगळ्यात भारी आहे, ते फिरतं ठेवा. मशीन कमी आहेत म्हणून थांबला असाल तर थांबू नका, आमच्याकडे २० असती तर मी कदाचित कागदाचा आलेख काढायलाच लावला नसता आणि तो अक्षाचा प्रकार कुणाच्या लक्षात आला नसता.

केरळात सरकारी शाळांमध्ये कॉम्प्युटरवर शिकवणं फार आधीपासून चालतं, २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, २०१७ पासून त्याचं काइट झालं, आणि तिथे लिबरऑफिस, जिओजेब्रा असलीच मोफत सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून सहावीपासून कोडिंगची चर्चा फार असते. असू दे. डॉलरची खुंटी नीट कळलेलं पोरगं कोडिंगला घाबरणार नाही असं माझं मत आहे, पण ते मी दोन-तीन वर्षांनी सांगेन, ही बॅच हायस्कूलला गेल्यावर.

सध्या मावशींनी ऑर्डर दिली आहे की तेल आणि मिठाचे पण कॉलम वाढवा आणि अक्षर मोठं करा, चष्मा लागत नाही त्यांना पण धुरात दिसत नाही. सहावीचा गट त्यावर बसलाय. स्वयंपाकघराच्या दाराला मागच्या आठवड्याचा तक्ता चिकटवलाय, त्यावर शुक्रवारच्या आकड्यापुढे मावशींनी कोळशाने बरोबरची खूण केली आहे.